तेहतीस बायकांचा अर्ज

बाना-न्कांदूच्या तोंडी लागायला गावातला मुखियासुद्धा कचरायचा. बाई शेंगा भाजून विकायची आणि गिऱ्हाइकालाच सुनवायची, "चव बघून झाली असेल तर आता विकत घे!" तिचं खरं नाव कुणाला आठवत नसे. बाना-न्कांदू म्हणजे न्कांदूची आई. त्या न्कांदूला जाऊन दोन वर्षं झाली होती. दिवस भरत आलेले असताना सायकलच्या कॅरिअरवर बसून दवाखान्याला निघालेली पोरगी अर्ध्या वाटेतच गेली.

तेव्हापासून आईनं एकच ध्यास घेतला. दवाखान्याच्या आवारात एक खोली हवी, दिवस भरत आलेल्या बायकांनी आधीच येऊन राहायला. त्यासाठी महिला मंडळ काढलं आणि जिल्ह्याच्या लोकनिधीकडे अर्ज केला. पहिल्यांदा सभांची वही नाही म्हणून परत आला. दुसऱ्यांदा, गावानं स्वतःचा वाटा काय उचलला ते लिहिलं नाही म्हणून. मग बायकांनी स्वतः विटा पाडल्या, भाजल्या, आणि अर्ज तिसऱ्यांदा गेला. आता फिरला तर निधी पुन्हा दारात उभं करणार नव्हता.

"बाना-न्कांदू, घोळ झालाय," खजिनदार बेसा म्हणाली. "सभासद तेहतीस लिहिलेत तू. निधीचा साहेब येऊन डोकी मोजणार. आपण तर अठ्ठावीस!"

"आणि त्या पाच कुठं गेल्या?"

"अगं, मेल्या त्या!"

"त्यांची नावं कुणाच्या बाळाला ठेवलीत अजून?"

गावाची रीतच तशी. मेलेल्या माणसाचं नाव एखाद्या नव्या बाळाला ठेवेपर्यंत त्या माणसाला घरातच मोजायचं. न्कांदूचं नाव आईनं कुणाच्या बाळाला ठेवूच दिलं नव्हतं, आणि मंडळ निघण्याआधीच ती गेली तरी यादीत त्या पाचांत तिलाही धरलं होतं. रोज दुपारी तिचं ताट वाढायची. धुवायला घेताना ते रिकामंच असायचं. कुत्र्यानं खाल्लं असेल, असं शेजारणी म्हणत.

त्या पाच नावांवर काट मारायला बाना-न्कांदू पेन घेऊन बसली. हात काही चालेना. शेवटी ठरवलं, साहेबाला खरं काय ते सांगून टाकायचं, मग होईल ते होवो.

गुरुवारी भर दुपारी चिसांगा साहेब फटफटीवरून आला. विटांच्या ढिगाशी, आंब्याखाली बायका चटयांवर बसल्या होत्या. त्यानं बोट नाचवत डोकी मोजली, कागदावर लिहिलं आणि म्हणाला, "तेहतीस. बरोबर."

बाना-न्कांदूनं मोजलं. अठ्ठावीस. पुन्हा मोजलं. अठ्ठावीसच.

"साहेब, खोटं नको. आमच्यातल्या पाचजणी वारल्यात."

"काय माई, भरदिवसा भुताच्या गोष्टी सांगताय?" तो हसला. "ती कडेची पिवळ्या फडक्याची पोरगी तर तुमच्या सगळ्यांपेक्षा हुशार. खोली कधीपर्यंत हवी, असं मघाशी विचारलं तर तुम्ही नुसत्या एकमेकींकडे बघत बसलात. तीच बोलली. पावसाच्या आत छप्पर घाला म्हणाली, आता सायकलवर बसवत नाही."

कडेची चटई रिकामी होती. न्कांदूला पिवळ्या फडक्यातच पुरली होती. साहेब कधी निघून गेला, ते आईला कळलंच नाही.

अर्ज मंजूर झाला. पावसाच्या आत छप्पर चढलं. खोलीत राहायला आलेली पहिली बाई सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. नाव काय ठेवायचं, म्हणून सगळ्या बाना-न्कांदूकडे बघू लागल्या. तिनं पोर उचललं, छातीशी धरलं आणि भडभडून रडली.

"न्कांदू," ती म्हणाली.

दुसऱ्या दुपारी सवयीनं तिनं ताट वाढलं. ऊन कलल्यावर धुवायला गेली. घट्ट लापशीचा गोळा तसाच होता, वर पापुद्रा धरलेला. कुत्रं तिथंच बसून होतं, पण त्यानं तोंड लावलं नव्हतं.

निधीला काम झाल्याचा कागद पाठवायचा होता. बाना-न्कांदूनं हात पुसले, यादी काढली, एका नावावर सरळ रेघ ओढली आणि सभासदांच्या रकान्यात बत्तीस लिहिलं.