गुरुवारी पाचची वेळ

ऑक्टोबरच्या उकाड्यातही त्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. पनवेलच्या बाजारपेठेतली धूळ, कुणाच्या तरी दारातल्या झेंडूचा उग्र दर्प आणि कलतं पिवळट ऊन बिनदिक्कत आत येत होतं, आणि एसी बिचारा उगाच घरघरत होता. आमच्या ऑफिसात कुणी असा एसी वाया घालवला असता तर मी चार शब्द सुनावले असते.

समुपदेशक बाईंना गाठायला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून मी पेशंट म्हणून नाव नोंदवलं होतं. पक्की सरकारी नोकरी सोडून, चाळिशी उलटल्यावर, मला मानसशास्त्र शिकून त्यांच्यासारखं व्हायचं होतं. ‘तुझ्यापाशी बोललं की कसं मोकळं वाटतं गं,’ हे ऐकून ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते. सोमवारी राजीनामा द्यायचा होता. त्याआधी या क्षेत्रातल्या कुणीतरी खरं काय ते सांगावं, एवढीच इच्छा. पाठ थोपटायला शेजारणी होत्याच.

पण या बाई सल्ला म्हणून देईनात. काहीही विचारा, प्रश्न उलटून माझ्याच पदरात: ‘तुम्हाला काय वाटतं?’ शेवटी मी वैतागले. ‘अहो मॅडम, मला काय वाटतं ते मला ठाऊक आहे की! तुमचं सांगा.’ आणि डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून उठून खिडकीजवळची माझी खुर्ची आत ओढू लागले.

‘ती राहू दे तिथेच,’ त्या एकदम म्हणाल्या.

मग खिडकीबाहेर पाहत, नाव न घेता त्यांनी सांगितलं. करंज्याच्या बंदरावर मासळी विकणारी एक बाई दर गुरुवारी पाचला यायची. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली तरी स्वतःच खुर्ची खिडकीशी ओढायची, पदर आवरून बसायची आणि विचारायची, ‘म्याडम, तुमाला वास नाय ना येत?’ श्रावणातल्या एका गुरुवारी ती आली नाही. तिने जीव दिल्याचं तिच्या भावाने फोनवर कळवलं.

‘फोन ठेवला तेव्हा बाहेर सहाचा पेशंट बसला होता,’ बाई म्हणाल्या. ‘मी त्याला आत बोलावलं, हसले, पाणी हवं का विचारलं. खरं विचारताय ना? हे काम असं आहे. आणि ही गुरुवारची पाचची वेळ तिच्यानंतर आज पहिल्यांदा दिली, तुम्हाला.’

अख्ख्या सोसायटीची दुःखं ऐकणारी मी, मला हे एक ऐकवेना. मला भीती वाटली आणि तिथून फक्त पळायचं होतं. मी पर्स उचलली, थँक यू म्हणाले आणि निघाले. दाराबाहेर एक गृहस्थ मान खाली घालून बसले होते. ‘या ना, बसा,’ मागून बाईंनी त्यांना हाक मारली, मला मारली होती तशीच, त्याच मऊ आवाजात.

उद्या सोमवार. राजीनाम्याचं काही ठरत नाही. तुमचं कोण ऐकतं, एवढं तरी मी बाईंना विचारायला हवं होतं. पण तेव्हा मला ते सुचलंसुद्धा नाही.