आखाडात पाहिलेली अकरा मेंढरं

लग्न होऊन राणीसावरगावच्या शिवारात आले, तेव्हा सासरच्या बायकांनी महिनाभर मला मुकीच समजलं. मी मुकी नव्हते. माणसांशी बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडायचा, एवढंच. मेंढरांपुढे मात्र तोंडाला खळ नसायची. जीभ टाळूला लावून "हिर्रर्र, ये गं" अशी हाक दिली की आमचा सगळा कळप माझ्या मागे यायचा. सासरे येडबा हसून म्हणायचे, "भिवरा मुकी न्हाई, तिची मानसंच येगळी हायती."

अठ्ठेचाळीस साली माझा हा स्वभाव अख्ख्या गावाला लागला. रझाकारांची धास्ती होती आणि कोण कुणाचा माणूस, याचा पत्ता लागत नव्हता. लोक पारावर बसायचे, पण पावसापाण्याचंसुद्धा कुजबुजत बोलायचे. सासऱ्यांनी घरात बजावलं, "डोळ्याला दिसंल ते पोटात ठिवायचं." बाकीच्यांना ते शिकावं लागलं, मी आयतीच तयार होते. त्याचा मला थोडा ताठाही होता, खोटं कशाला सांगू!

आखाडात माझा नवरा रायभान तापानं पडला होता, म्हणून मी एकटीच मेंढरं घेऊन गेले होते. भरदुपारी पाणी प्यायला ओढ्यात उतरले आणि बाभळीआडून पाहिलं. आबासाहेबांचा मेंढका सटवाजी आमची अकरा मेंढरं वेगळी काढून हाकत नेत होता. त्यानं मला पाहिलं नाही. आबासाहेब गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. त्यांच्या रानात आम्ही मेंढरं बसवायचो, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी मिळायची आणि त्यावर आमचं वर्ष निघायचं. ओरडायला तोंड उघडलं ते तसंच मिटलं. संध्याकाळी अकरा मेंढरं कमी भरली, तेव्हा गाव म्हणालं, रझाकारांनी नेली. मीही मान हलवली.

भादव्यात फौज आली, निजामाचं राज्य गेलं. कालपर्यंत कुजबुजणारी माणसं आता गल्लीगल्लीत ओरडत फिरू लागली. आबासाहेब सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या मळ्याला लागून लालमिया पिंजाऱ्याची तीन एकर जमीन होती. लालमिया आमच्या गाद्या-उशा भरायचा, माझ्या लेकीचं दुपटंही त्यानंच भरलं होतं. आबासाहेबांनी आवई उठवली की येडबाचा मेंढवाडा रझाकारांना ह्यानंच दाखवला. त्यांच्या माणसांनी त्याला चावडीपुढच्या लिंबाला बांधलं आणि उजवं मनगट काठीनं मोडलं. तीन दिवस तो तिथंच होता. मी रोज पाण्याला जाताना त्याच्यासमोरून जात होते, खाली मान घालून.

चौथ्या दिवशी सकाळी फौजेचा एक अधिकारी आला. लालमियाला परभणीच्या तुरुंगात न्यायला जीप तयार उभी होती. आबासाहेबांनी सासऱ्यांना पुढे काढलं.

"येडबा, सांग सायबाला. ह्यानंच दावला ना तुजा वाडा?"

सासऱ्यांनी आबासाहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "व्हय," म्हणाले.

बायकांच्या घोळक्यातून "न्हाई" असं कुणीतरी म्हणालं. सगळे माझ्याकडे बघू लागले, तेव्हा कळलं की ती मीच. सासऱ्यांसमोर, चार गड्यांत! पदर दातात धरला होता तो गळून पडला.

"मुकी बोलायली की रं!" आबासाहेब हसले. त्यांच्यामागे बाकीचेही हसले.

"आमची मेंढरं तुमच्या कळपात हायती," मी म्हणाले. "सटवाजीनं नेली."

सटवाजी उसळून पुढे आला. "आमच्या मेंढरांच्या कानाचं टोक कापल्यालं असतं. ह्यांच्या डाव्या कानाला चीर असती. एक तरी चिरंचं मेंढरू दावा!" ते खरंच होतं. टोक उडवलं की चीरही त्याच्यासंगं जाते.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, "फिर पहचानोगी कैसे?"

"हाक मारते," मी म्हणाले.

कळप जवळच्या पडीक रानात होता. सगळं गाव तिकडे निघालं, लालमियालाही दोर धरून आणलं. मी बांधावर उभी राहिले आणि तोंड उघडलं, तर घशातून नुसता वारा. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. अडीच महिने झाले होते, जनावर विसरलंही असेल. आता नाही आलं तर हा माणूस जातो, एवढंच डोक्यात होतं. थुंकी गिळली आणि पुन्हा जीभ टाळूला लावली. "हिर्रर्र, ये गं."

एका काळ्या तोंडाच्या मेंढीनं मान वर केली. तिला मी बोटानं दूध पाजून वाढवलं होतं. ती धावत सुटली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. अकरातली नऊ आली. माझ्या लुगड्याला तोंडं घासू लागली. सटवाजी हाका मारत राहिला, त्यातलं एकही मागे फिरलं नाही.

लालमियाचा दोर सोडला गेला. आबासाहेबांच्या रानात मेंढरं बसवणं त्याच दिवशी बंद झालं. पुढची दोन वर्षं आम्ही पार झरी गावापर्यंत रानं हुडकत हिंडलो. सासरे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. त्याचं मला फार वाटलं नाही.

आठ दिवसांनी लालमिया दारात आला. हात गळ्यात बांधलेला. "भैन," तो म्हणाला, "तू नसतीस तर मी मेलो हुतो. तुजे उपकार लय हायत." रायभाननं त्याला चहा दिला. इथं गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. गप्प बसणं मला येतही होतं.

"लालमिया," मी म्हणाले, "म्या आखाडातच बघितलं हुतं. तुला बांधलं तवाबी ठावं हुतं."

त्यानं आपल्या मनगटाकडे पाहिलं. कप तसाच भरलेला खाली ठेवला आणि उठून गेला.

त्या हातानं पिंजण पुन्हा चाललं नाही. तो मानवतला गेला, कापसाच्या वखारीत राखणीला राहिला. आता छप्पन्न साल सरत आलंय. वस्तीवरच्या प्रौढांच्या वर्गात मी अक्षरं शिकले, म्हणून हे लिहिते. मानवतच्या बाजाराला गेले की वखारीपुढे थांबते आणि हाक मारते, "लालमियाभाऊ, कसा हाईस?" तो रायभानशी बोलतो, माझ्याकडे बघत नाही. मी दर बाजाराला हाक मारते.