पफरसाहेबांचं पाणी

मोशीपासून चाकणपर्यंत माझ्याएवढा पाण्याचा जाणकार दुसरा नाही, हे मी लिहून देतो. कंपनीत मशीनच्या कूलंटमध्ये बोट बुडवून मी सांगतो, तेल किती आणि पाणी किती. मग इंजिनियर लोक दुर्बिणीसारखा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावतात आणि आकडा तोच निघतो. एकदा वेगळा निघाला होता, तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर खराब होता. पण ही विद्या मला कंपनीने दिलेली नाही. ती दिली आमच्या घरच्या साहेबांनी.

साहेब म्हणजे मासा. पफर. अंगठ्याएवढा देह, हिरव्या पाठीवर काळे ठिपके, पोट चुन्यासारखं पांढरं, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. एक माझ्यावर, दुसरा आईच्या स्वयंपाकघरावर. असा इन्स्पेक्टर आमच्या लाइनला मिळाला असता तर आमच्याकडचा एकही पार्ट आजवर नापास होऊन परत आला नसता. पिंपळे सौदागरच्या दुकानातून मी त्यांना आणलं, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "साध्या पाण्यात राहतो भाऊ. दोन दाणे टाकायचे आणि विसरून जायचं." दोन्ही गोष्टी थापा. हा नदी समुद्राला मिळते तिथला मासा, त्याला पाणी थोडं खारं लागतं. आणि दाणे दिले तर तोंडात घेऊन, नीट नेम धरून, ते माझ्या चष्म्यावर परत थुंकतो. साहेब खातात गोगलगायी, शंखासकट. त्यांचे दात जन्मभर वाढत राहतात. फोडायला काही कठीण मिळालं नाही तर दात इतके वाढतात की तोंडच उघडत नाही. म्हणून मी बाल्कनीतल्या टबात बारीक गोगलगायी पाळतो. नाजूक माणसाने तिकडे जाऊ नये.

घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी हेच म्हणतो, "फुगवून दाखव की राव!" मी पाणी देतो, चहा देतो, पण हे दाखवत नाही. पफर फुगतो तो जिवाच्या भीतीने. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी त्याला घाबरवायचं असेल तर पाहुण्यांनी आधी माझ्या आईशी भांडून स्वतः फुगून दाखवावं, असं मी सांगतो. मग विषय बदलतो.

दर रविवारी मी साहेबांचं एक तृतीयांश पाणी बदलतो. नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, क्लोरीन मारायचं औषध घालायचं, समुद्री मीठ विरघळवायचं, जुन्या पाण्याएवढंच खारट आणि तेवढंच कोमट करायचं, आणि सावकाश सोडायचं. फिल्टरचा स्पंज कधी नळाखाली धरायचा नाही, काढलेल्या जुन्या पाण्यातच हलकासा पिळायचा. कारण त्या तपकिरी, चिकट, किळसवाण्या स्पंजातच माशाचा जीव असतो. तिथे जे जीवाणू राहतात ते माशाच्या विष्ठेतलं विष खाऊन टाकतात. ते गेले की काचेसारखं स्वच्छ पाणीसुद्धा विषारी होतं. आता आमच्या सोसायटीत पाणी येतं दिवसाआड. त्यामुळे रविवारी माझ्या बादल्या रांगेत बघून आई म्हणायची, "माणसाला आंगुळीला पाणी न्हाई आन माशाला पालखी!"

गेल्या नवरात्राच्या आधी आईने घर काढलं. आमच्याकडे घटस्थापनेआधी घर काढतात म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. गोधड्या, डबे, पडदे, पंखे, सगळं धुतलं जातं. उभा राहिलेला माणूसही हलला नाही तर धुतला जातो. मी पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आलो. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि डोळे दिपले. साहेबांची टाकी अशी लखलखत होती की काच आहे की नाही तेच कळेना. आत पाणी नव्हतं. खडे सुपात वाळत होते. आणि बाल्कनीच्या दोरीवर, माझा बनियन आणि आईची साडी यांच्या मधे, दोन चिमट्यांनी अडकवलेला फिल्टरचा स्पंज उन्हात झुलत होता. पांढराशुभ्र.

"आई, साहेब कुठंयत?"

"हायेत की. पातेल्यात ठिवलेत. नळाचं न्हाई हां, प्यायचं, जारचं पाणी घातलंय. पावण्याला देतो ते."

घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तिने माशाला दिलं होतं. त्यात मिठाचा कण नव्हता. साहेब पातेल्याच्या तळाशी, शेपूट एका बाजूला मुडपून बसले होते. पोट राखाडी झालं होतं. डोळे हलत होते, पण दोन्ही एकाच दिशेला, आणि ती दिशा कुठलीच नव्हती.

"कोणी सांगितलं होतं धुवायला?" माझा आवाज खालच्या पार्किंगपर्यंत गेला असावा.

"सांगाया कशाला पायजे? खंडेनवमीला तू कंपनीतलं मशीन पुसतोस, हार घालतोस. ह्ये तुझं घरचं मशीन. म्हनलं, देवीचे दिस हायेत, ह्येबी लख्ख असू दे."

माझंच मशीन तिने पुसलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं पुसलं होतं. मी पाणी बनवायला घेतलं. घागरीने घातलं तर साहेब धक्क्याने जातील, म्हणून पातेल्यात वाटीवाटीने खारं पाणी वाढवत गेलो. पण पाणी करता येतं, जीवाणू कुठून आणायचे? ते घरी जमायला कित्येक आठवडे लागतात, आणि साहेबांकडे तेवढी सवड नव्हती.

कंपनीत सांडपाण्याच्या प्लांटवर असणाऱ्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "जीवाणूच पायजेत ना भावा? टँकर पाठवू का? इथं अख्ख्या कंपनीचे आहेत."

"ते तुलाच लखलाभ. मला सभ्य घरातले हवेत."

आणि बोलता बोलता आठवलं. कुरुळीत मी केस कापून घेतो त्या सलूनमध्ये आरशाखाली गोल्डफिशची टाकी आहे. तिचा फिल्टर दुकानाच्या उद्घाटनापासून कुणी उघडला नव्हता. त्या टाकीत मासे आहेत हे मला तिसऱ्या कटिंगला कळलं. अख्ख्या पट्ट्यात त्याहून घाणेरडा, म्हणजेच त्याहून मौल्यवान स्पंज नव्हता. मी गाडी काढली आणि असा सुटलो की नाशिक रस्त्यावरच्या कंटेनरनी कडेला होऊन मला वाट दिली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मालक मोबाइल बघत बसला होता. मी धापा टाकत म्हणालो, "भाऊ, तुमच्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज द्या. जितका घाण असेल तितका बरा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं आणि चेहरा पाडला. "काय राव, टोमणा मारायला कुरुळीपर्यंत आलात? उद्याच साफ करणार होतो मी."

"उद्या नको! कधीच नको! देवाशप्पथ, मला हाच पाहिजे. तुम्ही आठ वर्षं काही केलं नाहीत, त्याचीच मला किंमत आहे."

"आता हे जास्त झालं हां."

मग मी त्याला सगळं सांगितलं. आईचं, दोरीवरच्या स्पंजाचं, पातेल्यातल्या साहेबांचं. तो ऐकता ऐकता विरघळला. उठला, बाही वर केली, फिल्टर उघडला. आतून जे निघालं ते बघून त्यालाच शहारा आला. काळपट, गुळगुळीत, इंद्रायणीच्या गाळासारखं. आणि तो स्पंज घेऊन थेट बेसिनकडे निघाला. नळ सुरू केला.

मी ओरडलो. इतका ओरडलो की शेजारचा चहावाला वस्तरा लागला समजून धावत आला.

"अहो, असं घाणेरडं कसं देऊ माणसाला?" मालक म्हणाला. "माणूस लांबून आलाय, मागतोय, जरा पिळून तरी देतो की."

मी त्याचा हात धरला. वस्तऱ्याचा हात तो, पण मी धरला. स्पंज नळापासून वीतभरावर थांबला. मग अर्धा स्पंज त्याच्याच माशांसाठी ठेवला, अर्धा त्यांच्याच पाण्यासकट पिशवीत घातला आणि पिशवी शर्टाच्या आत, पोटाशी धरून घरी आणली. घरी टाकी लागली, पाणी चढलं, फिल्टरमध्ये तो काळा तुकडा बसला, आणि साहेब आत गेले. आईने लांबून पाहिलं आणि नाकाला पदर लावला.

"ह्यो लावून जगतोय व्हय त्यो?"

"हाच लावून."

दुसऱ्या दिवशी मी शिफ्टवरून आलो तर माझ्या बादल्या भरलेल्या होत्या. तिने स्वतःची अंघोळ अर्ध्या बादलीत उरकली होती. पुढे रोज मी पाणी तपासायचो. तपासणीच्या नळीत औषधाचे थेंब टाकल्यावर रंग पिवळा आला तर ठीक, हिरवट आला तर विष. येत होता हिरवट. रोज थोडं पाणी काढायचं, तेवढंच तयार पाणी घालायचं. साहेब गोगलगायीकडे पाठ फिरवून तळाशी बसायचे. आई घटाला पाणी घालून झालं की टाकीपुढे येऊन बसायची. देवीला काय सांगत होती ते मी विचारलं नाही. मीही त्या दिवसांत कंपनीत एकही थाप मारली नाही, आणि लाइनवरच्या लोकांना वाटलं मी राजीनामा देतोय.

मग माळेगणिक हिरवा रंग उतरत गेला. खंडेनवमीला नळीतलं पाणी कोवळ्या लिंबासारखं पिवळं होतं. आणि दसऱ्याच्या सकाळी साहेब वर आले, पोट पुन्हा चुन्यासारखं, एक डोळा माझ्यावर, एक आईवर. मी गोगलगाय सोडली. ती तळाला टेकायच्या आत त्यांनी तिला धरलं. कटकन आवाज झाला. आई स्वयंपाकघरातून हातातलं उलथनं घेऊनच धावत आली.

"खाल्लं?"

"खाल्लं."

तिने उलथन्यासकट हात जोडले.

संध्याकाळी शेजारच्या काकू सोनं द्यायला आल्या. मी माझी गोष्ट सांगायला तोंड उघडलं, पण आईने मला मागे सारलं आणि त्यांना हाताला धरून टाकीपुढे नेलं. "ह्याला म्या वाचवला," ती म्हणाली. "कुरुळीस्नं औषध आनावं लागलं. पाऊस होता, रस्ता बंद होता, पोरगं पोहत गेलं. जगात असं मासं मोजून पाच उरल्यात." मी शेजारी उभा राहून गंभीरपणे मान डोलवत होतो. काकूंनी काचेवर टकटक करायला बोट उचललं, तसा आईने त्यांचा हात हवेतच धरला.

"बाई, दुरूनच बघा. त्याचं पानी आत्ताच बसलंय."