छतावरच्या सळया

बाबांनी भिलाईजवळ रिसालीत घर बांधायला घेतलं, तेव्हा मला कॅनडात कायम राहायची परवानगी मिळून तीन आठवडे झाले होते. घरी मी ते सांगितलं नव्हतं.

दर रविवारी सकाळी बाबा प्लॉटवरून व्हिडिओ कॉल लावायचे. माझ्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असायची आणि गॅसवर भाजी. फोन विटांच्या थप्पीला टेकवून ते कॉलम दाखवायचे.

"हे पाय, सोळाचा सरिया टाकला. दोन मजले आरामात झेलते. खालचा आमाले, वरचा तुले."

सळईला आमच्या भिलाईत सगळे सरियाच म्हणतात. मागून आईचा आवाज यायचा, "तुह्या खोलीची खिडकी पूर्वेले घेतली. टाइल्स पांढऱ्या पायजे का क्रीम?"

मी म्हणायचो, "क्रीम." फोन ठेवेपर्यंत भाजी बुडाला लागलेली असायची.

त्याआधी आमचं स्वतःचं घर कधी नव्हतंच. सेक्टरमधला स्टील प्लँटचा क्वार्टर होता, दोन खोल्यांचा. माझ्या पासपोर्टवर पत्ता म्हणून आजही त्याचाच नंबर आहे. नोकरी संपली की क्वार्टर परत करायचा, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळे अंगणात झाडं लावायचे. आईने मुनगा, म्हणजे शेवगा, लावला होता. शेजारी एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला बंगाली. आमची मराठी उंबऱ्याच्या आतच राहायची. बाबांची नाइट ड्यूटी झाली की आई सकाळी खिडकीला जाड चादर लावायची. ती चादर दिसली की गल्लीतली पोरं आवाज न करता क्रिकेट खेळायची. आउटचं अपीलसुद्धा नुसते हात वर करून. कोणाच्या ना कोणाच्या घरी चादर असायचीच, त्यामुळे मोठ्याने ओरडून खेळल्याचं मला फारसं आठवतच नाही.

नववीत दुसऱ्यांदा नापास झालो आणि शाळा सुटली. आमच्या गल्लीत हे अवघड होतं. बाकीची पोरं इंजिनिअरिंगच्या कोचिंगला जायची. दूधवालासुद्धा विचारायचा, "बाबू, कौन सी क्लास में हो?" मी दूध घ्यायला जाणं बंद केलं.

बाबा रागावतील म्हणून मी चार दिवस त्यांच्या समोर आलो नाही. पाचव्या दिवशी ते फर्स्ट शिफ्ट करून आले, चहा प्यायले, आणि मला स्कूटरवर मागे बसवून पावर हाउस स्टेशनच्या पलीकडे एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथल्या उस्तादांना म्हणाले, "इसका मन किताब में नहीं लगता. हाथ देख लो."

हात बरा निघाला. आठवडाभराने बाबा शेडमध्ये आले, मला डोळे चोळताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यावर वेल्डिंगची नवी काळी काच ठेवलेली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. माझं जे काही बरं झालं ते त्या काचेतून पाहून झालं, असं मला अजून वाटतं.

कॅनडाला निघताना रायपूरच्या विमानतळावर आईने माझ्या बॅगेत लाखोळीची डाळ कोंबली. मी म्हणालो, "तीन वर्षं. फक्त तीन." तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. पण इथे ट्रेलर बनवायच्या कारखान्यात पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन प्लेटी दिल्या, जोडायला सांगितल्या, जोड वाकवून पाहिला आणि कामावर घेतलं. मी कितवी शिकलो हे कोणी विचारलं नाही. आजपर्यंत नाही. थंडीने नाकातला श्वास गोठतो, जेवायला एकट्यानेच बसावं लागतं, पण या एका गोष्टीसाठी मी इथे राहिलो. हे आईला कसं समजावणार होतो?

स्लॅब पडायच्या आधीच्या रविवारी मात्र सांगणं भाग होतं. स्लॅब झाली की लगेच वरच्या भिंती उठणार होत्या. मी दिवसभर मनात वाक्य जुळवलं. भाजीखालचा गॅससुद्धा बंद केला.

"बाबा, वरचा मजला नका बांधू."

"कावून?" आईच पुढे आली. "खिडकी पश्चिमेले पायजे होती का?"

"नाही आई. मला इथेच कायम राहायचे कागद मिळालेत. मी घेतले."

मागे काँक्रीटचा मिक्सर फिरत होता. बाबांनी हात वर करून तो बंद करायला लावला.

"तीन वर्ष म्हणला होता नं तू," आई म्हणाली.

"अवं, मी बी म्हणलो होतो," बाबा म्हणाले. "गावावरून इकडे आलो तवा मायले सांगतलं होतं, दोन वर्षात येतो. गेलो का?"

"तुमचं गाव रेल्वेनं चार तासावर होतं!" आईने सुनावलं.

बाबांनी फोन विटांवरून उचलून हातात घेतला. मग मला विचारलं, "तिकडे काम करताना काच चांगली देतात नं रे?" मी हो म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

पुढचे दोन रविवार कॉल आला नाही. मी केला तर आई "जेवला का" विचारायची आणि "बाबा कामात आहेत" म्हणायची.

घर एकमजली झालं. क्वार्टरच्या चाव्या परत करायच्या दिवशी आईने मुनग्याची एक जाड फांदी तोडून ऑटोत घातली आणि रिसालीच्या अंगणात रोवली. तिला पालवी फुटल्याचा फोटो आला, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग एका रविवारी बाबांचा कॉल आला. ते छतावर होते. चारी कोपऱ्यांत कॉलमच्या सळया कमरेएवढ्या वर निघालेल्या.

"ठेकेदार म्हणते, आता मजला नाई तर हे कापून टाकू. तुह्या आईची साडी अडकते यात. तू वेल्डर हायेस, सांग. कापू का?"

उघड्या सळया गंजतात, पाणी हळूहळू खाली कॉलममध्ये उतरतं. शेडमधल्या उस्तादांना विचारलं असतं तर ते एका शब्दात म्हणाले असते, काटो. मलाही तेच म्हणायचं होतं.

"सिमेंटचं पाणी लावून ठेवा, बाबा," मी म्हणालो. "गंज नाही लागणार."

"अस्सं?" त्यांनी फोन जवळ नेला. सळयांना राखाडी लेप दिलेला होता, वाळलेला. प्रत्येक टोकावर पाण्याची रिकामी बाटली उलटी घातली होती. "कालच लावलं."

"मग विचारलं कशाला?"

"पायत होतो, तू काय म्हणतो ते."

खालून जिन्यातून आईचा आवाज आला, "त्याले सांगा, क्रीमच्या टाइल्स म्या परत नाई केल्या. दिवाणाखाली ठेवल्या हायेत."