अमरसिंगभाऊंची फटफटी

अमरसिंगभाऊ आडे यांच्याविषयी कुणी लिहावं असं त्यांच्या हातून काही घडलं नाही. पुसेगावपासून दोन कोसांवरचा तांडा, चार एकर रान, एक बैलजोडी. मी शाळामास्तर होतो, फळ्यावर लिहीत आलो. कागदावर लिहायची सवय नाही, त्यामुळे जमेल तसं लिहितो.

२००४ च्या उन्हाळी सुट्टीत ते माझ्या दारात आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक त्यांनी पुढं केलं.

"गुरुजी, हे हिंदीत हाय. मला वाचून दावा."

फटफटीचं माहितीपुस्तक होतं. आतल्या पानावर देविदासनं आपलं नाव लिहिलेलं. ते अक्षर मीच गिरवून घेतलेलं होतं.

देविदास त्यांचा एकुलता एक मुलगा. १९९५ च्या मार्चात, भर दुपारी, कडब्याच्या गंजीतून पेंढ्या ओढताना त्याच्या पायाला साप चावला. सगळा तांडा रानात गेलेला. घरी फक्त आईबाप. त्याची फटफटी ओसरीत उभी होती, पण आठ दिवसांत फिरवलेली नव्हती. देविदास म्हणाला, "बा, मला किक मारता येईना. तुमी चालू करून द्या, पुसेगावपर्यंत मी चालवतो." अमरसिंगभाऊंनी जन्मात गाडीला हात लावलेला नव्हता. त्यांनी किका मारल्या, पायाची साल निघेपर्यंत मारल्या. गाडी चालू झाली नाही. मग बैलगाडी जुंपली. डांबरी सडक लागायच्या आत पोरगं गेलं.

तेव्हापासून फटफटी तिथंच होती. खंडेनवमीला घरातल्या विळ्या-कुऱ्हाडीला, नांगराला हळदकुंकू लागायचं, हिला नाही. नीलाबाई, म्हणजे अमरसिंगभाऊंची बायको, तिला 'खाणारी' म्हणायची आणि कुणालाही तिच्याजवळ फिरकू देत नसे. विकूही देत नसे. "उभी ऱ्हाऊ दे. माझ्या डोळ्यासमोर सडू दे."

"फिटरला का नाही बोलावत?" मी विचारलं.

"दुसऱ्यानं हात लावला तर मला कळणार न्हाई."

"काय कळायचंय?"

"त्या दिवशी तिनं दगा दिला, का मलाच येत न्हवतं. नऊ वर्सं झाली गुरुजी. कुणी उखळात कांडाया लागलं तरी मला किकेचा आवाज येतो. रानात असलो की हा पाय आपोआप हालतो."

मी नाही म्हणू शकलो नाही. सायकलपलीकडे मला काही कळत नव्हतं, पण रोज सकाळी तांड्यावर जाऊ लागलो. ओसरीत बसून मी वाचायचो आणि ते हात चालवायचे. नीलाबाई चुलीपाशी असायची. काचा लावलेल्या ओढणीआडून म्हणायची, "गुरुजी, शाळंत पोरं बिघडवली, आता म्हाताऱ्याला बिघडवा."

पहिले काही दिवस किकच दबेना. इंजीन आतून धरलं होतं. पुस्तकात पाहून प्लग काढला, भोकातून रॉकेल ओतलं आणि वाट पाहिली. सायलेन्सरमधून उंदराचं घर निघालं. त्यात लाल लोकरीचे धागे होते. नीलाबाईनं ते हातात घेऊन पाहिले आणि आत नेले. देविदासचा मफलर असावा. मी विचारलं नाही.

अमरसिंगभाऊ सगळी गाडी पुसायचे, पण सीटवर कधी टेकले नाहीत. एकदा मी दमून टेकणार होतो तर त्यांनी माझा दंड धरला. "तिथं नगं." मग ओशाळून त्यांनी पोतं अंथरून दिलं. त्यानंतर ओसरीत तिघं नसून चौघं आहेत असं मला वाटू लागलं, आणि घरी परतताना मी मागं वळून पाहत नसे.

नवव्या दिवशी किक दबली. राहिली टाकी. मी वाचलं की टाकी उतरवण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करावा.

त्यांनी टाकीखाली हात घातला. "ही दांडी व्हय? हालत न्हाई."

मी वाकून पाहिलं, पुस्तकातलं चित्र पाहिलं, पुन्हा वाकलो. दांडी उभी असली की पेट्रोल इंजिनात जातं, आडवी असली की बंद. ती आडवी होती.

"ती बंदच आहे, भाऊ."

"कवापासून?"

माझ्या तोंडून निघालं, "नंतर एखाद्या पोरानं फिरवली असेल."

"ही बाई कुणाला जवळ येऊ देत व्हती का?"

ते खाली बसले. म्हणाले, "मीच वरडलो व्हतो. गाडी जवारीच्या पोत्यापाशी लावायचा, पेट्रोल थेंब थेंब गळायचं. भाकरीला वास येतो म्हनलं. तवापासून त्यो रोज खाली हात घालून काहीतरी फिरवायचा. मी कधी इचारलं न्हाई." आणि मग, "त्या दिवशी त्याची जीभ जड झाली व्हती. मी किका मारून राहिलो आन् त्यो खाली हात दावत व्हता. मला वाटलं पाणी मागतो. मी पाणी आणाया गेलो, गुरुजी."

मला वाटलं, आता हे काम सोडतील. मी पुस्तक मिटलंही होतं. ते म्हणाले, "वाचा म्होरं."

टाकीत खडी आणि रॉकेल घालून ती दोन दिवस हलवली, तांबडं पाणी निघत राहिलं. अडकलेली दांडी रॉकेलनं मोकळी केली, कार्बोरेटर धुतला, नवी बॅटरी आणली. मग एका सकाळी त्यांनी दांडी उभी केली आणि किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी फटफटली, ओसरी धुरानं भरली.

नीलाबाई पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. दारातच थांबली आणि सीटकडे पाहू लागली. तिची नजर मला सहन झाली नाही. अमरसिंगभाऊंनी गाडी बंद केली. आपसात ते त्यांच्या बोलीत बोलायचे. समजलं तेवढं सांगतो.

"तिला शिव्या देऊ नको. ती चालू झाली असती. मीच पेट्रोलची चावी उघडली न्हाई."

ती गाडीपाशी आली. मग म्हणाली, "मला दाव."

त्यांनी तिचा हात धरून टाकीखाली नेला. तिनं दांडी आडवी केली, उभी केली, पुन्हा आडवी केली. पिठाचे डाग तिथं तसेच राहिले. फटफटीला 'खाणारी' म्हणताना मी तिला पुन्हा ऐकलं नाही. नवऱ्याशी मात्र ती पुढं पुष्कळ दिवस बोलत नव्हती, असं तांड्यावर सांगत.

ते फटफटी चालवायला शिकले नाहीत. पण त्यांच्या ओसरीत येणाऱ्या प्रत्येकाला, तांड्यावरच्या सुनांना, पाहुण्यांना, मतं मागायला येणाऱ्यांनाही, ते आधी फटफटीपाशी वाकून ती दांडी उभी करायला लावत. लोक हसायचे. म्हातारा वेडा झाला म्हणायचे.

एकदा मलाही वाकवलं. मी दांडी पटकन उभी केली.

"तसं न्हाई, गुरुजी," ते म्हणाले. "डोळे मिटून करा. त्या टायमाला काही दिसत न्हाई."

मी डोळे मिटले आणि टाकीखाली चाचपू लागलो.