पद्माबाईंच्या गळ्यावरचा हात

वसमतच्या शाळेतल्या पद्माबाई बौद्ध वस्तीतल्या पहिल्या बी.एड. तेवढ्यावर गप्प बसल्या असत्या तर गावाचं पोट दुखायचं थांबलं असतं. पण बाईंनी एम.एड.ला नाव घातलं, आणि विषय घेतला तो बहिऱ्या-मुक्या लेकरांना बोलायला शिकवण्याचा. एखादं मुकं लेकरू वर्षभर शिकवून उन्हाळ्यात परीक्षकांपुढे बोलतं करून दाखवायचं, ही अट. लेकरू बोललं तर पदवी, नाहीतर सगळं मुसळ केरात.

लेकरू मिळालं जवळच्या हट्टा गावात. तिथले जमीनदार व्यंकटराव, त्यांची मनकर्णा जन्मापासून बहिरी. दोन शब्द बोलली तर उद्या लग्नाला अडचण नको, एवढाच त्यांचा विचार. तोंडात मात्र साखर. आमच्या घरात शिवाशिव चालत नाही, असं चारचौघांत सांगायचे. बाईंना चहाही घरच्याच कपात मिळायचा. बाईंनी विश्वास ठेवला. खायचे दात वेगळे असतात, हे शिकलेल्या माणसांना उशिराच कळतं.

शिकवायची रीत साधी होती. पोरीचा एक हात बाईंच्या गळ्यावर, दुसरा स्वतःच्या. बाई 'आ' म्हणाल्या की गळ्यातली थरथर तळहाताला कळायची. मग पोरगी तीच थरथर आपल्या गळ्यात शोधायची. दिवाळीपर्यंत ती 'आई' म्हणू लागली. आवाज घोगरा, पण शब्द बराबर. तिची आई शालूबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या.

पौषाची थंडी पडली आणि पोरीनं तोंड मिटलं. बाई तिचा हात गळ्याकडे न्यायला लागल्या की ती तो पाठीमागे लपवायची. बाईंनी पुस्तकं चाळली, पोरीचा घसा डॉक्टरला दाखवला, शेवटी स्वतःच्याच शिकवण्याला बोल लावला.

एका सकाळी शिकवून निघाल्या, तर ओठ दाखवायचा आरसा ओसरीवरच राहिलेला. एसटीच्या थांब्यावरून परत फिरल्या. अंगणात न्हाणीच्या दगडावर मनकर्णा बसवलेली, आणि शालूबाई तिच्या डोक्यावर आडाचं गार पाणी ओतत होत्या. पोरगी कपड्यांसकट कुडकुडत होती.

"तुमाला शिवल्यावर न्हाऊ घालावंच लागतं, बाई," शालूबाई खाली मान घालून म्हणाल्या. "पयल्या दिसापासून घालून राहिलो आमी. यांनीच सांगितलं."

पद्माबाईंना घरच्या कपातला तो सगळा चहा आठवला. पोरगी बोलायला विसरली नव्हती. गळ्याला हात लावला की गार पाणी अंगावर पडतं, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

व्यंकटराव बाहेर आले. चिडले नाहीत, उलट समजूत घातली.

"पाणी गार हाय, एवढीच तकलीफ ना? उद्यापासून तापवून घालू. तुमी तुमची परीक्षा काहून बुडवता?"

माणसाचा राग परवडला, पण असल्या चांगुलपणाची किळस येते. पाणी घालणं बंद झालं तरच मी येईन, असं बाईंनी सांगितलं. मग नका येऊ, म्हणाले ते, आणि पान लावायला बसले. बाईंची पदवी तिथंच संपली.

आरसा उचलून त्या वळल्या. बाई आता येणार नाहीत हे पोरीला कसं उमगलं कोण जाणे. दगडावरून उठून ती ओल्या अंगानंच धावत आली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून तिनं हात बाईंच्या गळ्याकडे उंचावला. मागं शालूबाईंनी तिला पुन्हा न्हाऊ घालायला बादली भरून घेतली.

पद्माबाईंनी पदर गळ्याभोवती घट्ट ओढला आणि त्या स्वतःच दोन पावलं मागं सरल्या.