बाभळीवरचा प्रेक्षक

माझ्या दाजींच्या पिंडाला कावळा शिवला नाही, आणि याला अख्खं न्हावरे गाव मला जबाबदार धरतं.

आधी माझी ओळख करून देतो. (ती मी कुणी न विचारताही देतो.) दौंडला माझा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. लग्न असो, वाढदिवस असो, दहावा असो. माईक माझा आणि माईकवरचा आवाजही माझाच! बोलण्याचे वेगळे पैसे मी घेत नाही. लोक म्हणतात, "मामा, न बोलायचे घ्या!" पण ही थट्टा झाली. (निदान मी तरी तसं समजतो.)

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. सगळे त्यांना नाना म्हणत. थोडा ऊस, थोडा कांदा, चार म्हशी आणि दूध सोसायटीचं संचालकपद. माणूस देवासारखा, पण देव्हाऱ्यातल्या देवासारखा, चेहऱ्यावरची रेघ म्हणून हलायची नाही. आपण हसलो तर चरवीतलं दूध नासेल, अशी त्यांची समजूत असावी. आणि अशा माणसाच्या पोटी गणा जन्माला आला आणि स्टँड-अप कॉमेडियन झाला!

गणा आधी रांजणगावला कंपनीत होता. कँटीनमध्ये सुपरवायझरची नक्कल करायचा. एके दिवशी सुपरवायझर मागेच उभा होता आणि गणाचं क्षेत्र बदललं. पुण्यात कॅफेमध्ये माईक धरून बोलायला लागला, पुढे 'बोलून बसलो' नावाचा पॉडकास्ट काढला. हे सगळं नानांना समजावायचं काम माझ्याकडे आलं.

"पोरगं करतं काय पुण्यात?"

"बोलतो."

"बोलतो म्हंजी?"

"म्हंजी... लोकांपुढं उभा राहून बोलतो."

"का? बसायला देत न्हाईत व्हय?"

पुढचं समजावणं मी सोडून दिलं.

मग तो व्हिडिओ आला! आमच्याकडे दहाव्याला नदीवर माईक लागतो आणि गावातल्या दोन्ही गटांचे पुढारी श्रद्धांजलीची भाषणं ठोकतात. गणा स्टेजवर म्हणाला, "आमच्याकडं माणूस एकदा अटॅकनं मरतो आन् दहाव्या दिवशी भाषणानं." इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाला, "माझा बाप हसत न्हाई. आमची म्हैस हसती, बाप न्हाई!"

व्हिडिओनं संध्याकाळपर्यंत शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके पालथे घातले. गावातले दोन्ही गट जन्मात पहिल्यांदा एक झाले. शिरूरचा शो रद्द झाला, पोस्टरवरच्या गणाला काळं फासलं गेलं. सोसायटीच्या मीटिंगला नाना आत शिरले की मागून कुणीतरी म्हशीसारखं हंबरायचं. नानांनी संचालकपद सोडलं आणि पोराशी बोलणंही सोडलं.

"म्हशीशी बरोबरी केली माझी," एवढंच म्हणाले.

"बरोबरी कुठं?" आक्का म्हणाली. "म्हैस वर काढली की त्यानं!"

मग काही दिवस आक्काशीही बोलणं बंद.

गणा वरून लाख टगेगिरी करो, फोन मात्र मला करायचा. "मामा, एकदा नानांना शोला आणा. मागच्या रांगेतली कडेची खुर्ची ठेवतो. हसू नका म्हणावं. नुसतं बसा." प्रत्येक शोला तो ती खुर्ची रिकामी ठेवायचा. एकदा मी नवा स्पीकर आणायचं निमित्त काढून नानांना पुण्याला नेलं आणि टेम्पो थेट हॉलच्या दारात उभा केला. नानांनी पाटीवरचा पोराचा फोटो बराच वेळ बघितला.

"तू जा आत," म्हणाले. "मी गाडीकडं ध्यान ठिवतो."

शो संपेपर्यंत त्यांनी माझ्या टेम्पोकडे ध्यान ठेवलं. (तो टेम्पो धक्का मारल्याशिवाय मालकाकडूनही सुरू होत नाही, चोर काय नेणार!) आत खुर्ची तशीच राहिली.

आणि मग एका सकाळी धार काढता काढता नाना गेले. ना खुर्ची भरली, ना बोलणं झालं.

दहाव्याला नदीवर माणूस मावत नव्हता. गुरुजींनी पिंड मांडले, सगळे मागे सरले. पिंडांच्या मागे, अगदी कडेच्या बाभळीवर एक कावळा येऊन बसला. बसला तो बसलाच! अशा वेळी गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं समजायचं आणि घरच्यांनी पुढे होऊन शब्द द्यायचा.

नानांचे धाकटे भाऊ तात्या पुढे झाले. "नाना, बांधाचं भांडान मिटिवतो!"

कावळा ढिम्म. (तात्यांचा शब्द नानांनी जिवंतपणीही कधी धरला नव्हता.)

आक्का म्हणाली, "म्हशी इकत न्हाई ओ."

कावळ्यानं चोचीनं पंख खाजवला.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "पोराला पुढं घ्या! ते थेर सोडतो म्हणावं, मग बघा कसा शिवतोय!"

सगळ्या माना गणाकडे वळल्या. आक्कानं सकाळीच त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, कॉमेडी सोडतो असं पिंडापुढं म्हणायचं. डोकं भादरलेला, ओल्या धोतरातला गणा उठला, पिंडापुढे उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येत न्हाई!" मागून ओरड झाली.

आता सांगा, ज्याचा धंदाच साऊंडचा, त्याला हे ऐकवेल? माझ्या कार्यक्रमात मागच्यांना ऐकू जात नाही! मी तसाच धावत गेलो आणि कॉर्डलेस माईक गणाच्या हातात दिला.

आक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "बाळ्या! काय दिलंस रं त्याच्या हातात!"

गणानं माईक तोंडाशी धरला. "नाना, मी सोडतो म्हणायला उभा राहिलोय." थांबला. टकलावरून हात फिरवला. "आयुष्यात पैल्यांदा तुमच्या मनासारखी कटिंग केली बघा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"इथं दोन्ही गटाचं पुढारी बसल्यात. दोघं बी म्हणणार, नाना आमचे होते. नाना, तुम्ही तर घरातल्यांचं बी नव्हता ओ! तुम्ही फकस्त सोसायटीचं होता."

आता घाटच हसला. गुरुजी पाठ फिरवून हसले. आक्का तोंडावर पदर धरून हसली, आणि हसता हसता तो पदर डोळ्यांवर कधी गेला ते तिलाही कळलं नाही. तात्या मात्र ओरडले, "अरं, दहावा हाय का तमाशा? सोडतो म्हण!"

"न्हाई सोडत," गणा म्हणाला. आवाज एकदम खाली आला. "आईला कबूल केलं हुतं, पण नानांपुढं खोटं बोलता येत न्हाई. त्यांना लगीच कळतंय. तेवढं एक मातूर सांगतो, नाना. आपली म्हैस हसत न्हाई. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी ती गोठ्याच्या दाराकडं बघत उभी ऱ्हाती आन् पान्हा सोडत न्हाई. ती हसती म्हणालो, ते मी खोटं बोललो हुतो. तेवढ्याची माफी करा."

घाट चिडीचूप झाला. कावळ्यानं मान तिरकी केली. एक फांदी खाली उतरला. माणसांनी श्वास रोखले. आता शिवणार, आता शिवणार...

आणि ती शांतता मला सोसली नाही! माईक चालू आणि कुणी बोलत नाही, हे मी जन्मात होऊ दिलेलं नाही. गणाच्या हातातून माईक घेतला, घसा खाकरला आणि म्हणालो, "उपस्थित शोकाकुल बंधू आणि भगिनींनो, आज या ठिकाणी..."

कावळा उडाला! सरळ नदी ओलांडून पलीकडच्या उसावरून दिसेनासा झाला.

पुढचा तासभर लोक माझ्याकडे कसे बघत होते ते सांगत नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि कार्य उरकलं. गणा पायरीवर एकटाच बसला होता. मी घाबरत घाबरत शेजारी बसलो. म्हटलं, आता हा शिव्या घालणार.

"मामा," तो म्हणाला, "आले हुते ना?"

"आले हुते."

"पूर्ण बसले ना?"

"तुझं होईपर्यंत हलले न्हाईत."

"हसले न्हाईतच." त्यानं नाक पुसलं. "पण मागंच बसले हुते. कडेला."

मग तो इतका रडला की माझ्या शर्टाची बाही पिळून काढावी लागली.

गणाचे शो पुण्यात अजून चालतात, लोक अजून चिडतात. कडेची ती खुर्ची मात्र आता तो रिकामी ठेवत नाही. आणि मला दहाव्याच्या ऑर्डरी अजून येतात; फक्त आता लोक माईक आधी ठरवतात आणि मग हात जोडून म्हणतात, "मामा, तुम्ही कावळा शिवल्यावर या!"